माळ्यावरचे बिऱ्हाड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मेलबर्नला भावाच्या घरी पहिल्याच रात्री दोन वाजता माझ्या डोक्यावरच्या छतात कुणीतरी खाकरले, तेव्हा हे वाक्य मला मनातल्या मनात दोनदा म्हणावे लागले. खाकरणेही साधे नव्हते. दम्याचा जुना रोगी पहाटे उठून घसा साफ करतो, तसे ते घोगरे, लांबलेले आणि शेवटी फिस्कारल्यासारखे होते. मग जड पावले या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली, काहीतरी धप्पदिशी पडले आणि सामसूम झाली. मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून शेजारच्या पलंगाकडे पाहिले. आई जागीच होती.

"झोप गो," ती म्हणाली. "वरची आहे. फिरून आली असेल."

तिचा स्वर इतका घरगुती होता की मी खरोखरच झोपले. वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची बाई, असे मी धरून चालले. भावाचे घर बैठे आहे, त्याला वरचा मजलाच नाही, हे मला सकाळी आठवले.

चहाच्या वेळी उलगडा झाला. वरची म्हणजे पॉसम. मांजराएवढे, करड्या रंगाचे, उभ्या कानांचे, गुलाबी नाकाचे आणि झुबकेदार शेपटीचे हे जनावर दिवसा झोपते आणि रात्री हिंडते. झाडांचा पाला, फुले, फळे हा त्याचा आहार. मूळचे राहणे निलगिरीच्या ढोलीत. पण निलगिरीला पॉसम मावेल एवढी ढोली पडायला शंभर वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात, आणि झाड तोडायला एक सकाळ पुरते. शहर पसरत गेले, जुनी झाडे गेली, आणि पॉसम मंडळींनी मुकाट्याने कौलांखाली बिऱ्हाडे थाटली. तिकडच्या घरांत कौले आणि खालचे छत यांच्यामध्ये माणसाला रांगता येईल एवढी पोकळी असते. उबदार, कोरडी, अंधारी. शिवाय भाडे नाही.

नावाचीही एक गंमत आहे, आणि पेशाने मराठीची मास्तरीण असल्यामुळे ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १७७० साली कॅप्टन कुकचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागले, तेव्हा त्यावरच्या मंडळींना हा प्राणी अमेरिकेतल्या 'ओपोसम'सारखा वाटला. ओपोसम हा शब्द व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांचा. म्हणजे एका खंडातल्या लोकांच्या तोंडचा शब्द दुसऱ्या खंडातल्या गोऱ्यांनी उचलला आणि तिसऱ्या खंडातल्या जनावराला चिकटवला. दोघांचे नाते फार लांबचे. पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवायचे, एवढा कुळाचार तेवढा सारखा. आईने तिला 'वरची' म्हणून निदान तिचा पत्ता तरी बिनचूक सांगितला होता.

मी मेलबर्नला गेले ती काही पॉसम पाहायला नव्हे. २०२१ साली वडील गेले. त्यानंतर आई राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी एकटीच राहत होती. २०२२ च्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि मनगट मोडले. शेजारणीला कळायला दोन तास लागले. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आईबापांसाठी तिकडे तीन वर्षांचा व्हिसा मिळतो, तो काढला. तो २०२६ मध्ये संपणार, म्हणून यंदाच्या, २०२५ च्या मे महिन्याच्या सुटीत भावाने मला बोलावले. "पुढचं काय ते तिघं बसून ठरवू, ताई," तो फोनवर म्हणाला. पुण्यात आमची दोन खोल्यांची जागा, मुलगा बारावीत, सकाळचे कॉलेज. माझ्याकडे जागा नाही हे कारण खरेच होते. पण कारण खरे असले म्हणजे ते पुरेसेही असते, असे नाही. आणि आई विमानात बसली त्या रात्री मला दुःखाबरोबर थोडे हायसेही वाटले होते, हे मी अजून कुणाला सांगितलेले नाही.

आईला पॉसमची भीती वाटली नाही, याचे कारण आमच्या घराचा माळा. आमच्या माळ्यावर उदमांजर असे. काही गावांत त्याला कांडेचोर म्हणतात. लांबट अंगाचे, काळपट, तोंडावर मुखवटा घातल्यासारखे. दिवसभर आढ्याजवळ भाताच्या कणगीमागे झोपायचे, आणि दिवेलागणीनंतर वाशांवरून तोल सांभाळत बाहेर पडायचे. ताडीच्या मडक्यांना तोंड लावते म्हणून इंग्रजांनी त्याला 'टॉडी कॅट' हे नाव दिले. आमच्या उदमांजराची मजल पपई, जांभळे आणि केळ्यांच्या घडापर्यंतच होती. रात्री ओटीवर आंबेमोहर शिजल्यासारखा वास दरवळला की आजी म्हणे, "आला पाहुणा." हा वास त्याच्या अंगचा. वडिलांना त्याचा राग येई, तो फक्त पपई पिकायच्या दिवसांत. एरवी ते म्हणत, "ते आहे म्हणून भातात उंदीर नाहीत." त्याला हाकलावे असा विषय घरात कधी निघालाच नाही. जुन्या घरात काही माणसे अशी असतात, की ती कुणाची कोण हे कुणी विचारीत नाही. त्यांतलेच ते एक.

भावाच्या घरात मात्र तो विषय निघाला होता, आणि त्याला दोष देता येणार नाही. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीच्या पलंगावर छताला पिवळट डाग पडला होता, आणि त्याचा वास आंबेमोहराचा खचितच नव्हता. पोरीची झोप मोडे. भावाला पहाटे साडेपाचला उठून गाडी गाठायची असे. घराचे कर्ज फिटायला अजून एकोणीस वर्षे. त्यात पॉसमच्या लेंडीवरून भावजयीच्या मनाने धास्ती घेतली होती. बुरुली अल्सर नावाचा चामडीचा एक रोग मेलबर्नच्या काही भागांत आढळतो. त्याची जखम वेळेवर ओळखली नाही तर खोल चरत जाते. त्याचे जंतू पॉसमच्या विष्ठेत सापडतात, आणि डासांमार्फत ते माणसापर्यंत पोचतात, असे तिथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. औषधाने तो बरा होतो. तरी आईने खिडकी उघडी टाकली की भावजय हलकेच येऊन जाळी लावून जाई. "आई, डास येतात," एवढेच म्हणे. आई ती परत उघडी. या खिडकीवरून घरात एक अबोल झगडा चालला होता, तो मला दोन दिवसांत कळला.

भावाचा बेत साधा होता. पिंजऱ्यात सफरचंदाची फोड ठेवायची, पॉसम सापडली की गाडीत घालायची आणि तासाभरावरच्या डोंगरातल्या रानात सोडून यायची. "तिला रान मिळेल, आपल्याला झोप मिळेल." मलाही हे पटले. पण त्याने आधी एका पॉसमवाल्याला बोलावले. होय, हा तिकडे एक धंदाच आहे. साठीचा, भल्या मोठ्या पोटाचा, गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेला तो गृहस्थ आला, शिडी लावून वर चढला, बॅटरीने पाहून खाली उतरला, आणि भावाचा बेत ऐकून त्याने सावकाश मान हलवली.

तसे करता येत नाही, तो म्हणाला. व्हिक्टोरिया राज्यात १९७५ च्या वन्यजीव कायद्याने पॉसमला संरक्षण आहे. घरात शिरलेली पॉसम पकडता येते, पण पकडली त्याच आवारात, पकडल्या जागेपासून पन्नास मीटरांच्या आत, त्याच दिवशी अंधार पडल्यावर सोडावी लागते. एका वितीचे अंगण असलेल्या घरातही नियम तोच.

"पन्नास मीटर म्हणजे आपल्या विहिरीपासून गोठ्यापर्यंत," आईने मला हिशेब करून सांगितला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळे ऐकत होती. इंग्रजी तिला कळते त्याहून कमी कळते असे ती दाखवते. मग भावाला म्हणाली, "त्याला विचार, लांब नेऊन सोडली तर काय होतं?"

भावाने विचारले. पॉसमवाल्याने तिच्याकडे वळून, तिलाच उत्तर दिले. प्रत्येक पॉसमचा आपला मुलूख असतो. छातीपाशी गंधाची ग्रंथी असते, ती झाडांना घासून ती आपल्या हद्दी आखते. परक्या रानात प्रत्येक ढोलीत आधीच कुणीतरी असते. ते हिला टिकू देत नाही. निवारा न मिळालेली ही बया मग जमिनीवर हिंडते आणि कोल्ह्याच्या तोंडी जाते. हे कोल्हेही मूळचे तिथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात साहेबाने ते शिकारीच्या हौसेपायी विलायतेहून नेले. लांब नेऊन सोडलेल्या पॉसमांतल्या बहुतेक थोड्याच दिवसांत मरतात.

भाऊ हे मराठीत सांगू लागला आणि मध्येच थांबला. आईला ते कळले होतेच. भावजयीने ओट्यावरचे फडके उगाच दोनदा पिळले. खोलीतल्या चौघांच्याही मनात एकच गोष्ट आली असावी, आणि ती कुणी बोलत नव्हते. माझ्या मनात तर ती वर्गात सांगावी इतकी नेटकी तयार झाली होती: हद्द, मुलूख, परके रान. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याने राहवेना. मी म्हटले, "आई, तुला इथं आणलं ते चुकलंच का गं आमचं? त्या माणसानं सांगितलं तसं..."

"मी काय पॉसम आहे?" आई म्हणाली. "तुम्हां मराठीवाल्यांना जिथं तिथं उपमा सुचतात. तिला कुणी विचारलं नसतं. मला तुम्ही विचारलंत, मी हो म्हटलं. मनगट मोडून मी दोन तास अंगणात पडले होते, तू नव्हतीस पडलेली." थोड्या वेळाने म्हणाली, "इथं नात आहे. गरम पाणी आहे. करमत नाही ते करमत नाही, पण ते तिकडेही शेवटी शेवटी करमत नव्हतं." आणि कूस वळवली.

मी बराच वेळ जागी होते. वरची त्या रात्री आली नाही. की आली, आणि मलाच ऐकू आली नाही, कोण जाणे.

रविवारी भाऊ आम्हांला संग्रहालयात घेऊन गेला. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये पॉसमच्या कातड्यांचे पांघरूण करण्याची रीत होती. मूल जन्मले की काही कातड्यांचे लहानसे करायचे, आणि मूल वाढेल तशी त्याला कातडी जोडत जायची. आतल्या बाजूने नक्षी कोरलेली, तीत कुळाच्या आणि मुलखाच्या खुणा. कांगारूच्या स्नायूचा दोरा. माणूस मेला की त्यातच गुंडाळून पुरायचा. एकोणिसाव्या शतकातली अशी दोनच पांघरुणे त्या संग्रहालयाजवळ उरली आहेत. नव्या काळात त्या लोकांच्या नातवंडांनी ही कला पुन्हा उचलली आहे. आईने काचेला नाक लावून टाके पाहिले. "गोधडीच आहे," ती म्हणाली. पुढची गोष्ट मात्र तिला पचली नाही. आजची ही नवी पांघरुणे ज्या कातड्यांची होतात, ती न्यूझीलंडहून येतात. ऑस्ट्रेलियात पॉसमला हात लावायचा नाही. आणि न्यूझीलंडात, जिथे लोकरी कातड्याच्या धंद्यासाठी १८३७ पासून लोकांनी ती मुद्दाम नेऊन सोडली, तिथे तिने जंगले ओरबाडली, पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाल्ली, आणि आता २०५० पर्यंत ती समूळ नाहीशी करण्याचा विडा तिथल्या सरकारने २०१६ साली उचलला आहे. "नेली कुणी?" आईने विचारले. "माणसांनी." "मग तिला कशाला मारतात?" याला संग्रहालयात उत्तर नव्हते.

पॉसमवाल्याने सांगितलेला उपाय असा होता. आवारात मागे एक जुनी निलगिरी होती. तिच्यावर चार मीटर उंचीवर लाकडी पेटी बसवायची. तीच तिची नवी ढोली. घरावर आलेल्या फांद्या छाटून छत आणि झाड यांत दीड मीटर अंतर ठेवायचे. पेटीचा तिला दोन-चार दिवस परिचय होऊ द्यायचा. मग एका संध्याकाळी ती बाहेर पडली की भोक बुजवायचे. आत पिल्लू राहिले नाही ना, हे नक्की पाहायचे. माळा साफ करताना हातमोजे आणि तोंडाला पट्टी. आणि सर्वांत महत्त्वाचे, खायला काही घालायचे नाही. पाव-बिस्किटांनी ती आजारी पडते, आणि माणसाच्या दारी येण्याची सवय लागते ती वेगळीच. हे तो बोलत असता आई दुसरीकडे पाहत होती. खिडकी उघडी का असते, याचे कोडे मला तेव्हा सुटले. दोन वर्षांत पॉसमने खाल्लेल्या केळ्यांची सालेच काय ती शिल्लक उरली असतील.

भोक शोधायला वेळ लागला नाही. पन्हळीच्या कोपऱ्यावर एक कौल सरकलेले होते. त्याच्या कडेला राखी केस अडकले होते, आणि रोजच्या ये-जा करण्याने तिथे तेलकट काळपट डाग पडला होता. आमच्या माजघराच्या दाराच्या चौकटीला माणसांच्या हातांचा पडलेला डाग मला आठवला.

मेच्या अखेरीस मेलबर्नला सव्वापाचला सूर्य मावळतो. आम्ही सगळे मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो. आई मफलर, दोन स्वेटर आणि वर माझी शाल. थंडी चांगलीच होती. भाचीला बोलायची बंदी केलेली. सहाच्या सुमारास कौलाखाली आधी नाक दिसले, मग दोन कान, मग सगळे अंग. पन्हळीवर थांबून तिने आमच्याकडे पाहिले. भ्यालेली अशी नव्हती; पाच माणसे अशा थंडीत बाहेर का बसली आहेत, असे काहीसे तिच्या पाहण्यात होते. मग ती कुंपणावर उतरली, आणि तिचे पोट दिसले.

"पोटुशी आहे," आई म्हणाली.

"पोटुशी नाही गं आजी, तिच्या पिशवीत बाळ आहे," भाची बंदी मोडून म्हणाली. शाळेत तिला हे शिकवले होते. पॉसमचे गर्भारपण सतरा-अठरा दिवसांचेच असते. घेवड्याच्या दाण्याएवढे पिल्लू जन्मते ते आपले आपण सरपटत आईच्या पिशवीत शिरते, आणि पुढचे चार-पाच महिने तिथेच चिकटून वाढते. म्हणजे आत एकटे राहायला दुसरे कुणी नव्हते. जे होते ते तिच्याबरोबरच बाहेर आले होते. भाऊ शिडीवर चढला, आत बॅटरी फिरवून पुन्हा पुन्हा पाहिले, आणि भोकावर जाळी ठोकून कौल बसवले. हातोड्याचा आवाज शेजारपाजारी गेला असेल. आईने कानांवरून मफलर ओढून घेतला.

पहाटे पाचला ती परत आली.

तो आवाज मी विसरणार नाही. आधी पन्हळीवर धप्प. मग पावले, सवयीची, घाई नसलेली. मग थांबणे. मग नखांनी कौल खरवडणे. थोडे, पुन्हा थोडे. ती ओरडली नाही, खाकरली नाही. छताच्या दुसऱ्या टोकाला गेली, तिथे खरवडले, परत पहिल्या जागी आली. आपलेच दार, आपण विसरलो की काय, अशी. अर्धा तास हे चालले होते. आई पलंगावर उठून बसली होती. दिवा लावू नको म्हणाली. बऱ्याच वेळाने, छताकडे पाहत तिने विचारले,

"आपल्या घराला पत्रे घातलेस, तेव्हा ते आत होतं की बाहेर?"

मला समजले नाही असे मी दाखवू शकले असते. आई जाण्याआधी, २०२३ च्या एप्रिलात, कौलांवर पत्रे घालून घेण्याचे काम मीच अंगावर घेतले होते. घर बंद राहणार, कौले कोण परतणार, म्हणून हल्ली कोकणात घरोघर करतात तेच. कामाच्या तिसऱ्या दिवशी गवंडी मला म्हणाला होता, "बाई, माळ्यावर कायतरी ऱ्हातंय. आढ्याकडचं भोक बुजवू काय?" मी पुण्याच्या गाडीच्या गडबडीत होते. मी म्हटले, "बुजवून टाका एकदाचं." त्याच्याकडे बॅटरी होती. आत बघा, एवढे शब्द बोलायला मला कितीसा वेळ लागला असता? आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने उदमांजराला संरक्षण आहे, हे तर मला ठाऊकही नव्हते. पण कायद्याची गोष्ट कशाला, आजी असती तर तिने मला पायरीवरून खाली ढकलले असते.

मी हे सगळे आईला त्या अंधारात सांगितले. ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. वर खरवडणे थांबले तेव्हा फक्त म्हणाली, "उजाडलं वाटतं."

पॉसम आणखी दोन पहाटे आली. तिसऱ्या पहाटे आली नाही. पेटीत गेली की कुठे, ते कळायच्या आधी माझी परतीची तारीख आली. व्हिसाचे बोलणे तिघे बसून असे झालेच नाही. विमानतळावर भाऊ म्हणाला, "आईला विचारलं, तर म्हणते, आधी तू जाऊन ये, मग बघू." कुठे जाऊन ये, हे त्याला माहीत नव्हते. मला होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, मी राजापूरची गाडी पकडली. पाऊस लागला होता. दोन वर्षे बंद असलेल्या घराचे कुलूप उघडायला शेजाऱ्याला खोबरेल आणावे लागले. आत कोंदट वास. दुसरा काही वास नाही, हे मी दारातच उभी राहून चारदा हुंगून पाहिले. माळ्यावर चढायला माझे पाय तयार नव्हते. कणगीमागे काय सापडेल, त्याचे चित्र मी मेलबर्नपासून बरोबर आणले होते. शेजाऱ्याचा मुलगा म्हणाला, "मी चढतो, काकू." मी म्हटले, नको.

आढ्याकडचे भोक सिमेंटने छान बुजवलेले होते. कणगीमागे धूळ, जुने पोते, वडिलांची मोडकी आरामखुर्ची. हाडे नव्हती. मी खुर्चीच्या दांडीला धरून तिथेच टेकले, आणि मग पडवीच्या बाजूला, पत्रा आणि भिंतीच्या मध्ये, हातभर उजेड दिसला. गवंड्याने पत्र्याचे शेवटचे टोक नीट बसवलेले नव्हते. त्या उजेडाच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर, जांभळाच्या बियांचा आणि भेरलीमाडाच्या बियांचा ढीग होता; उदमांजर फळ खाते आणि बिया जशाच्या तशा टाकते. वरच्या बिया ओल्या होत्या.

फोनला रेंज मिळायला गडग्यापर्यंत जावे लागले. मेलबर्नला रात्र झाली होती. मी छत्रीत उभी राहून एवढेच म्हटले, "आहे."

"कोण?"

"आपलं वरचं."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटले रेंज गेली. मग आईचा आवाज आला, "त्या गवंड्याला पैसे सगळे दिलेस ना? थोडे राहिले असतील तर देऊन टाक." आणि मग, जणू आताच आठवले, "हिनं पण पेटीत बिऱ्हाड केलंन. परवा दिसली."

त्यानंतर आमच्या फोनवर दोन्ही घरांच्या माळ्यांची बातमी आधी आणि माणसांची नंतर, असा क्रम पडला. शेजाऱ्याच्या मुलाकडून मला कळते, माझ्याकडून तिला. आता ऑक्टोबरात तिकडे वसंत आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, तेव्हा आवाजच वेगळा होता. पॉसम पाठीवर पिल्लू घेऊन कुंपणावर आली होती. पिल्लाने आईच्या मानेचे केस मुठीत धरले होते आणि शेपूट तिच्या अंगाभोवती वळवले होते. भाचीने फोटो काढला, पण त्यात चार हिरवट डोळ्यांपलीकडे काही दिसत नाही. भावजयही बघायला आली होती म्हणे. खिडकीला आता जाळी असते. "केळं देत नाही हो," आई न विचारता म्हणाली.

डिसेंबरात ती यायची आहे. मी सुटी काढून तिच्याबरोबर राजापूरला राहणार. अंगण चोपून घ्यायचे आहे, न्हाणीघराला धरायला दांडी बसवायची आहे, आणि पडवीकडचा पत्रा तसाच ठेवायचा, असे गवंड्याला दोनदा बजावले आहे. परतीचे तिकीट भावाने फेब्रुवारीचे काढले आहे. काल आईने विचारले, "त्या तिकिटाची तारीख बदलता येते ना गो?"

कुठल्या बाजूला बदलायची, ते मी विचारले नाही.